पहिला भाग न बघता दुसरा चालेल का?

प्रश्न : '२८ डेज लेटर' हा हॉरर पिक्चर बघितला नाहीये, डायरेक्ट त्याचा दुसरा भाग '२८ वीक्स लेटर' बघितला तर कळेल का?

उत्तर : कळेल की, बिनधास्त बघा. पहिला २००२ चा, दिग्दर्शक डॅनी बॉयलचा, दुसरा २००७ चा आणि त्यात पात्रं सगळी नवीन. एवढंच लक्षात ठेवा की यात झोंबीसारखे अंगावर येणारे लोक मेलेले उठून आलेले नाहीत, जिवंत माणसंच आहेत, रेज व्हायरस रक्तातून, थुंकीतून पसरतो आणि काही सेकंदात माणूस पिसाळतो. सुरुवात मात्र अजिबात चुकवू नका, घरात ते पिसाळलेले घुसतात आणि नवरा बायकोला तिथंच टाकून जीव मुठीत घेऊन शेतातून पळत सुटतो, ती खिडकीतून ओरडतेय, मला तर पूर्ण पिक्चरमध्ये हाच सीन सगळ्यात भयानक वाटतो. पुढे स्टोरी जरा ढिली पडते, म्हणून पहिला भाग नंतर का होईना बघाच.