वाचकांचे प्रश्न : फलंदाजाला चेंडू दिसावा म्हणून

प्रश्न : सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या मैदानावर रविवारी लाल सीझन चेंडूचे सामने होतात. एका टोकाला विटकरी रंगाची बहुमजली इमारत झाल्यापासून त्या बाजूचा चेंडू हातातून सुटताना दिसतच नाही, अशी फलंदाजांची तक्रार आहे. मंडळाने पांढरा साइटस्क्रीन, म्हणजे गोलंदाजाच्या पाठीमागे सीमेबाहेर असतो तो पडदा, उभारायचे ठरवले आहे. तो किती मोठा असावा आणि कशाचा करावा?
(एका क्रीडा मंडळाचे चिटणीस, पुणे)

उत्तर : तक्रार रास्त आहे. दोन्ही टोकांच्या पॉपिंग क्रीजमधले (यष्टींपुढच्या रेषांमधले) अंतर १७.६८ मीटर असते आणि ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू ते साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. चेंडू सुटण्याचा क्षण हुकला, तर त्यातला मोलाचा वाटा चेंडू शोधण्यातच जातो आणि टप्पा ओळखून पाय हलवायला सवड उरत नाही. संध्याकाळी अडचण वाढते, कारण उजेड उतरू लागला की आपल्या डोळ्यांना लाल रंग इतर रंगांच्या मानाने अधिक काळपट दिसतो आणि तो विटकरी भिंतीत विरून जातो.

आकाराच्या बाबतीत मात्र बहुतेक मंडळे फसतात. गोलंदाजाच्या उंचीहून थोडे अधिक कापड ताणले की झाले, असा समज असतो. खरे तर फलंदाजाच्या डोळ्यापासून गोलंदाजाच्या हातापर्यंतची रेषा तशीच पुढे वाढवली असता ती जिथे पोहोचते, तिथे पडदा हवा. पवित्र्यातल्या फलंदाजाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर, चेंडू सुटण्याची जागा २.३ मीटरवर आणि पडदा फलंदाजापासून ६० मीटरवर धरला, तर ही रेषा पडद्यावर सुमारे ४.२ मीटर उंचीवर टेकते. फलंदाज बुटका असेल, तर ती आणखी वर जाते. म्हणून पाच मीटरपेक्षा कमी उंची ठेवू नये.

रुंदीचा हिशेबही तसाच आहे. गोलंदाज यष्टींच्या एका बाजूने (ओव्हर द विकेट) येण्याऐवजी दुसऱ्या बाजूने (राउंड द विकेट) आला, की त्याचा हात खेळपट्टीवर जेमतेम दीड मीटर सरकतो. पण ६० मीटरवरच्या पडद्यावर तेच अंतर पाच मीटरांहून अधिक होते. पडद्याला चाके असतील आणि तो ढकलायला कोणी उत्साही मुलगा तिथे बसणार असेल, तर पाच मीटर रुंदी चालेल. एरवी आठ ते नऊ मीटरांचा स्थिर पडदाच बरा. गोलंदाजाने बाजू बदलताना ती पंचांना सांगायची आणि पंचांनी फलंदाजाला कळवायची, असा नियमच आहे आणि न सांगता बाजू बदलली तर तो नोबॉल ठरतो. चाकांचा पडदा सरकवायला वेळ मिळतो, तो या नियमामुळेच.

खर्च करण्यापूर्वी एक पडताळणी करावी. एकाने क्रीजमध्ये पवित्रा घ्यावा, दुसऱ्याने समोरच्या क्रीजजवळ हात उंचावून चेंडू धरावा आणि तिसऱ्याने सीमेबाहेर उंच बांबू घेऊन फलंदाज सांगेल तसे सरकावे. बांबूवर जिथे चेंडू दिसेल तिथे खूण करावी, म्हणजे माप हाती येईल.

अखंड कापड वळवाच्या वाऱ्यात शिडासारखे फुगते आणि सांगाडा आडवा करते. लोखंडी सांगाड्यावर थोड्या फटी ठेवून आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. लांबून त्या फटी जाणवत नाहीत. रंग पांढराच, पण बिनचकाकीचा असावा आणि पावसाळ्यात पट्ट्या शेवाळतात म्हणून दसऱ्याच्या सुमारास त्यावर पुन्हा हात फिरवावा. पडद्याचा कोणताही भाग सीमारेषेच्या आत येता कामा नये. आणि एवढी ऐसपैस पांढरी जागा दिसली की वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स घेऊन कार्यकर्ते येतीलच. त्यांना नम्रपणे कुंपणाची वाट दाखवावी.

प्रश्न : गहुंजे येथील कसोटीत पडदा पांढरा होता, विश्वचषकाच्या सामन्यात मात्र काळा. असे का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : चेंडूच्या रंगामुळे. फेब्रुवारी २०१७ मधील भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी लाल चेंडूवर झाली, तर ऑक्टोबर २०२३ मधील भारत-बांगलादेश सामना पांढऱ्या चेंडूवर. पांढरा चेंडू पांढऱ्या पडद्यावर दिसणार नाही, म्हणून काळा पडदा आणि खेळाडूंना रंगीत कपडे. दिव्यांच्या उजेडातील कसोटी २०१५ मध्ये अ‍ॅडलेडला सुरू झाली, तेव्हा गुलाबी चेंडू आला. तो काळ्या पडद्याशिवाय आणि पांढऱ्या कपड्यांतही दिसतो, त्यामुळे कसोटीचे रूप फारसे बदलावे लागले नाही.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला चष्मा आहे. दुकानदार रंगीत काचांचा खेळाचा चष्मा सुचवतात. घ्यावा का?
(एक आई, कोथरूड)

उत्तर : रंगाआधी चौकट पाहावी. उजव्या हाताने खेळणारा मुलगा आडवा उभा राहून डावीकडे बघतो. मान पुरती वळली नाही, तर त्याचा डावा डोळा काचेच्या बाहेरच्या कडेतून आणि उजवा डोळा नाकाकडच्या कडेतून पाहतो आणि नेमकी तिथेच चौकटीची दांडी आडवी येते. म्हणून त्याला बॅट घेऊन दुकानात न्यावे, पवित्रा घ्यायला लावावा आणि त्या अवस्थेत समोरचे सलग दिसते का, ते विचारावे. काच पॉलिकार्बोनेटची असावी आणि मागे ताणपट्टा असावा.

रंग हवाच असेल, तर फिकट करडा घ्यावा. हिरव्या काचेतून लाल चेंडू अधिकच काळा दिसतो. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचा मी तरी सुचवणार नाही, कारण ढग आल्यावर त्या निवळायला वेळ लागतो.

चष्म्यावर हेल्मेट घालून जाळीतून नीट दिसत नाही, म्हणून मुले जाळीचे स्क्रू सैल करून वरची फट वाढवतात. हे मुळीच करू देऊ नये. चेंडूचा व्यास सुमारे सात सेंटिमीटर असतो. तेवढी फट झाली की तो थेट डोळ्यावर येतो. हेल्मेट विकत घेतानाच चष्मा घालून बघावे आणि फटीत चेंडू धरून तो आत शिरत नाही याची खात्री करावी.