मोटारीविना ब्लॅक फॉरेस्ट

प्रश्न : आम्ही दोघे साठीच्या पुढचे आहोत. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टमध्ये आठवडाभर राहायचे आहे, पण परदेशात गाडी चालवायची नाही. केवळ रेल्वे आणि बसवर भागेल का?

उत्तर : निश्चित भागेल. मुक्काम मात्र दर दोन दिवसांनी न हलवता टिटिझे किंवा हिंटरत्सार्टेनसारख्या रेल्वे स्थानक असलेल्या एकाच गावी ठेवावा. तेथे पर्यटक कर भरून राहणाऱ्या पाहुण्यांना यजमानांकडून ‘कोनुस’ कार्ड मिळते आणि त्यावर परिसरातील बस व प्रादेशिक गाड्यांचा प्रवास विनामूल्य होतो; आयसीई किंवा आयसी या जलद गाड्यांना ते चालत नाही. सर्वच गावे या योजनेत नाहीत, म्हणून खोली ठरवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. कार्ड मुक्कामी पोहोचल्यावर हाती येत असल्याने पहिल्या दिवसाचे तिकीट वेगळे काढावे लागते.

फ्रायबुर्ग शहरातून टिटिझेकडे जाणारी गाडी ‘हिमेलराइख’ म्हणजे स्वर्गराज्य नावाचे स्थानक सोडते आणि लगेच ‘हॉलेनटाल’ म्हणजे नरकदरीत शिरते. एवढ्या स्वस्तात दोन्ही लोक अन्यत्र दिसणार नाहीत! टिटिझेहून १,४९३ मीटर उंचीच्या फेल्डबर्ग शिखराच्या दिशेने बस जाते. ऑफेनबुर्ग शहरातून धबधब्याच्या ट्रिबर्ग गावाला नेणारा, १८७३ मध्ये पूर्ण झालेला बोगद्यांचा मार्गही चुकवू नये. फक्त ट्रिबर्गचे स्थानक खाली दरीत असल्याने धबधब्यापर्यंत चढ चढण्याऐवजी बस घ्यावी. रविवारी गावोगावच्या बस कमी होतात, तेव्हा परतीची शेवटची वेळ सकाळीच टिपून ठेवावी.