कव्हर लेटर कसं लिहावं? पंचवीस अर्ज केले, एकही फोन आला नाही

तुम्ही लिहिलंय की अकाउंट्समध्ये दोन वर्षांचा अनुभव आहे, पंचवीस ठिकाणी अर्ज केले, सगळीकडे एकच कव्हर लेटर जोडलं आणि कुठूनही उत्तर आलं नाही. पत्राची सुरुवातही दिलीत: ‘मी मेहनती, प्रामाणिक व जिद्दी उमेदवार असून आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास तिचं सोनं करीन.’

मी सहा वर्षं भरतीचं काम केलंय. आलेले अर्ज चाळायचे आणि निवडक पुढे पाठवायचे, हेच रोजचं काम. तुमचं हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. वाक्य खोटं नाही, तुम्ही मेहनती असालच. पण त्याखाली दुसऱ्या कुणाचंही नाव टाकलं तरी ते तितकंच चालतं, आणि अडचण तिथेच आहे. सगळेच कव्हर लेटर वाचतात असंही नाही. बरेच जण आधी रेझ्युमे बघतात आणि मन दोलायमान असेल तरच पत्राकडे वळतात. म्हणजे पत्र वाचलं जातं ते नेमकं निर्णयाच्या क्षणी.

माझं म्हणणं एकच आहे: पत्र रेझ्युमेवरून लिहू नका, जाहिरातीवरून लिहा.

जागा निघते तेव्हा कुणाच्या तरी टेबलावर काम साचलेलं असतं. जाहिरातीत ‘महिनाअखेरीचं क्लोजिंग (म्हणजे त्या महिन्याचे हिशेब पूर्ण करून बंद करणं) वेळेत पूर्ण करणे’ असं लिहिलं असेल, तर बहुतेक ते सध्या वेळेत होत नसतं. एखादी गोष्ट दोनदा आली असेल तर ती हमखास दुखरी नस. जाहिरात समोर ठेवा, तिच्यातली दोन-तीन मुख्य कामं अधोरेखित करा आणि प्रत्येकासमोर लिहा की हे मी कुठे, कधी केलंय. जिथे काही सुचत नाही ती ओळ सोडून द्या. सगळ्या अटींना उत्तर द्यायला पत्र म्हणजे परीक्षेचा पेपर नव्हे.

आता तुमचंच उदाहरण घेते. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता सांगितलंत की रुजू झालात तेव्हा चार महिन्यांचं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे कंपनीच्या हिशेबातल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवण्याचं काम, तुंबलेलं होतं आणि तुम्ही ते निस्तरलंत. अहो, ही गोष्ट पत्रात का नाही? मी ती अशी मांडली असती:

‘आपल्या जाहिरातीत महिनाअखेरीचं क्लोजिंग वेळेत होण्यावर भर आहे. सध्याच्या नोकरीत मी रुजू झालो तेव्हा चार महिन्यांचं बँक रिकन्सिलिएशन बाकी होतं. मी दोन्ही खात्यांच्या नोंदी एकेक करून जुळवल्या, न जुळणाऱ्या नोंदींची वेगळी यादी ठेवली आणि सहा आठवड्यांत काम अद्ययावत केलं. तेव्हापासून क्लोजिंग दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत होतं.’

सहा आठवडे आणि पाच तारीख हे आकडे मी नमुन्यादाखल घातलेत, तुमचे खरे असतील तेच लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येईल. पण मला विचाराल तर या परिच्छेदाचा जीव आकड्यांपेक्षा ‘न जुळणाऱ्या नोंदींची वेगळी यादी ठेवली’ यात आहे. ज्याने ते काम स्वतः केलंय त्यालाच हे लिहायला सुचतं, आणि अकाउंट्सच्या साहेबांची नजर तिथेच थांबते. तुमच्या कामातला असा एक बारकावा शोधा. मेहनती, प्रामाणिक हे शब्द मग लिहावेच लागत नाहीत.

हे काही आजचं शहाणपण नाही. लिओनार्दो दा विंचीने 1482 च्या सुमारास इटलीतल्या मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात सहज वाहून नेता येतील असे हलके पूल, वेढा पडल्यावर खंदकातलं पाणी काढून टाकण्याची युक्ती, तोफा असं एकामागून एक येतं आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटाकडे. स्फोर्झाला युद्धाची चिंता होती, म्हणून पत्र तिथून सुरू झालं. यातलं काही अशक्य वाटत असेल तर करून दाखवायला तयार आहे, असंही त्याने लिहिलंय.

पत्र इंग्रजीत द्यायचं असेल तरी पहिला खर्डा मराठीत करा. ‘तिथे नक्की काय केलंस?’ असं मित्राने विचारल्यावर जे सांगाल तेच उतरवा आणि मग भाषांतर करा. थेट इंग्रजीत बसलं की हात नमुन्यातल्या वाक्यांकडेच वळतो. एआयकडून पूर्ण पत्र लिहून घेण्याचंही तसंच. व्याकरण तपासायला ते जरूर वापरा, पण तुमची ती वेगळी यादी त्याला माहीत नसते.

बाकीचं थोडक्यात. एक पान, तीन-चार परिच्छेद, तीनशे शब्दांच्या आसपास. नाव माहीत असेल तर नावाने सुरुवात करा, नसेल तर पदनाम पुरे. नोकरीत खंड असेल तर एका वाक्यात सांगून पुढे जा, माफी मागू नका. पगाराचा विषय त्यांनी विचारला असेल तरच. शेवटी कधीपासून रुजू होऊ शकाल ते लिहा, कारण फोन करणाऱ्याला ते हवंच असतं. फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या, ‘फायनल दोन’ नको.

आणि पाठवण्यापूर्वी कंपनीचं नाव मोठ्याने वाचा. एकदा एका चांगल्या उमेदवाराच्या पत्रात दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलं होतं. मी तरीही तो अर्ज पुढे पाठवला, पण वरून परत आला. त्या माणसाचं मला आजही वाईट वाटतं.

पंचवीस अर्जांऐवजी या आठवड्यात तीनच करा. एका पत्राला दीड-दोन तास लागतील, ते लागू द्या. खर्डा झाला की नाव-पत्ता काढून इथे टाका, मी रिकन्सिलिएशनचा परिच्छेद आधी वाचेन.