२०१३ ची सायन एफआर-एस घ्यावी की २०१३ ची सुबारू बीआरझेड? दोन्ही सारख्याच असतील तर निवडायचं कशावरून?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते. तुम्ही न्यू जर्सीत नोकरी करता आणि ही तुमची पहिली स्पोर्ट्स कार. एफआर-एसचं रनिंग ७१ हजार मैल, मालक तिसरा, गाडी स्प्रिंगा बदलून खाली बसवलेली आणि एक्झॉस्ट बाहेरच्या कंपनीचा. बीआरझेड लिमिटेडचं (म्हणजे जास्त सोयींच्या मॉडेलचं) रनिंग ९४ हजार मैल, मालक पहिल्यापासून एकच, काहीही बदललेलं नाही, सर्व्हिसच्या पावत्या आहेत. दोन्ही मॅन्युअल, किंमतही जवळपास एक. रनिंग कमी म्हणून तुमचं मन एफआर-एसकडे झुकतंय.

मी सांगेन, बीआरझेड घ्या. मात्र तिच्या इंजिनातल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या रिकॉलचा, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने फुकट करून दिलेल्या दुरुस्तीचा, कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. मी स्वतः २०१३ ची एफआर-एस चालवते आणि माझ्या दिराकडे बीआरझेड आहे. दोन्ही गाड्यांच्या खाली शिरून मी बरीच कामं केली आहेत. माझा जीव एफआर-एसवर आहे, तरीही तुमच्यापुढच्या दोन गाड्यांतली मी बीआरझेडच उचलली असती.

या गाड्या एकसारख्या का, ते आधी सांगते. सायन हा टोयोटाचाच ब्रँड होता. टोयोटाने २००५ मध्ये जनरल मोटर्सकडून सुबारूच्या मूळ कंपनीतला हिस्सा विकत घेतला. त्या भागीदारीतून पुढे ही गाडी आली आणि दोन्ही बिल्ले लागून ती जपानमधल्या गुन्मा प्रांतात, सुबारूच्याच कारखान्यात बनली. इंजिन सुबारूचं, दोन लिटरचं आडवं बॉक्सर, म्हणजे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असलेलं. त्यावर पेट्रोल फवारण्याची डी-४एस यंत्रणा टोयोटाची. ताकद २०० हॉर्सपॉवर, वजन सुमारे २,७६० पौंड. गिअरबॉक्स, टॉर्सन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा), ब्रेक, कंपनीतून येणारे १७ इंची मिशेलिन प्रायमसी टायर, सगळं तेच. २०१६ मध्ये टोयोटाने सायन हे नाव बंद केलं आणि २०१७ पासून हीच गाडी टोयोटा ८६ म्हणून विकली. त्यामुळे 'सायन बंद पडली, पार्ट मिळतील का' ही तुमची काळजी सोडून द्या. टोयोटाचा डीलर सायनचं सगळं काम करतो, आणि इंजिनचे पार्ट तर दोघींना तेच लागतात.

कंपनीने दोघींत केलेला खरा फरक सस्पेन्शनमध्ये होता. बीआरझेडच्या पुढच्या स्प्रिंगा थोड्या कडक आणि मागच्या नरम, एफआर-एसचं याच्या उलट. म्हणून नव्या एफआर-एसची शेपटी वळणावर लवकर सुटायची आणि बीआरझेड जरा शांत वाटायची. त्या वेळी यावरून पानंच्या पानं लिहिली गेली आणि तो फरक खराही होता. पण आता या गाड्यांचे शॉकअप झिजलेत, रबरी बुश दमलेत, आणि टायर कुठल्या कंपनीचे हे मागच्या मालकाच्या खिशावर ठरलंय. तुमच्या एफआर-एसच्या तर स्प्रिंगाच बदललेल्या आहेत, म्हणजे ती कंपनीची एफआर-एस उरलेलीच नाही. २०१३ मधले रिव्ह्यू वाचून आज निवड करण्यात अर्थ नाही. दुसरा फरक सोयींचा. बीआरझेडला झेनॉन हेडलाइट आहेत. लिमिटेडमध्ये चावी खिशात ठेवून गाडी सुरू होते, सीट गरम होतात आणि एसी दोन बाजूंना वेगवेगळा लावता येतो. गरम सीटची किंमत जानेवारीत सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये कळते.

आता रिकॉल. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तुमचा निर्णय इथेच व्हायला हवा.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारू आणि टोयोटाने जाहीर केलं की सुरुवातीच्या गाड्यांमधल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा तुटू शकतात आणि तुटल्या तर चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं. २०१३ मॉडेलची एफआर-एस आणि बीआरझेड दोन्ही त्यात आल्या. काम फुकट होतं, पण सोपं नव्हतं. साध्या उभ्या इंजिनात वरचं झाकण काढलं की व्हॉल्व्ह समोर दिसतात. बॉक्सर इंजिनाची डोकी दोन्ही बाजूंना, थेट चासीला टेकलेली असतात, हात जायला जागा नाही. म्हणून अख्खं इंजिन बाहेर काढायचं, पुढचं टाइमिंग कव्हर उघडायचं, स्प्रिंगा बदलायच्या आणि सगळं परत बंद करायचं.

माझ्या गाडीचं काम चालू असताना मेकॅनिकने मला आत बोलावून इंजिन दाखवलं होतं. स्टँडवर टांगलेलं, पुढचा भाग उघडा, दोन्ही बाजूंना टाइमिंग चेन दिसत होत्या. बदललेली जुनी स्प्रिंग त्याने माझ्या तळहातावर ठेवली. अंगठ्याएवढी वस्तू, तिच्यासाठी एवढा व्याप. मग कव्हरची कड दाखवून तो म्हणाला, खरं काम हे आहे. या कव्हरला गॅस्केट नसतं, पातळ सीलंटची रेघ ओढून ते बसवतात. रेघ जाड झाली की कव्हर दाबताना जादा सीलंट बाहेर येतं, आणि बाहेर येतं तसंच आतही जातं. आतला तुकडा सुटला की तेलाबरोबर खाली ऑइल पॅनमध्ये पडतो आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबली की बेअरिंगला तेल पोहोचत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. रिकॉलचं काम झाल्यावर काही मैलांतच इंजिन गेल्याच्या तक्रारी अमेरिकेत मालकांनी वाहन सुरक्षा खात्याकडे केल्या आणि प्रकरण कोर्टातही गेलं. याचा अर्थ रिकॉल झालेली गाडी वाईट असा नाही. माझी व्यवस्थित चालतेय. पण 'रिकॉल झालाय' एवढ्या उत्तरावर थांबू नका. तो कधी झाला आणि त्यानंतर गाडी किती चालली, हेही विचारा.

ते कसं शोधायचं? दोन्ही गाड्यांचे व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख नंबर, मागून घ्या. एनएचटीएसएच्या, म्हणजे त्याच वाहन सुरक्षा खात्याच्या, साइटवर नंबर टाकला की रिकॉल बाकी आहे का ते लगेच कळतं. मग त्या त्या कंपनीच्या डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर तोच नंबर देऊन कामाची तारीख आणि तेव्हाचं रनिंग विचारा. बीआरझेडच्या मालकाकडे पावत्या आहेत, त्यात हे असायला हवं. काम २०१९ च्या सुमारास झालं असेल आणि त्यानंतर गाडी तीस-चाळीस हजार मैल निर्धास्त चालली असेल, तर मी त्या इंजिनावर विश्वास ठेवेन. ९४ हजारांचा आकडा तुम्हाला घाबरवतोय, पण या गाडीच्या बाबतीत त्यातले रिकॉलनंतरचे मैल ही जमेची बाजू आहे. उलट काम दोन महिन्यांपूर्वी झालं आणि लगेच गाडी विकायला निघाली, तर मी दहादा विचार करेन. आणि काम झालंच नसेल तर मालकाला सांगा, आधी करून घ्या, मग हजार-दोन हजार मैल चालवा, मग बोलू. एवढं थांबायची तयारी नसेल तर दुसरी गाडी शोधा, या गाड्या बाजारात भरपूर आहेत.

एफआर-एसचा तिसरा मालक ही माहिती देऊ शकतो का, हे विचारून बघा. बहुतेक तो म्हणेल, मी घेतली तेव्हा सगळं ओके होतं. मॉडिफाय केलेल्या गाडीची माझी अडचण हीच आहे. स्प्रिंगा कोणी टाकल्या, त्यासोबत शॉकअप बदलले का, नंतर अलाइनमेंट झाली का, इसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ट्यून मारलाय का, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं. एक्झॉस्टबरोबर हेडर (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) बदलून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल, तर चेक इंजिनचा दिवा लागून न्यू जर्सीच्या इन्स्पेक्शनमध्ये गाडी नापास होईल आणि तो खर्च तुमच्या गळ्यात पडेल. चांगल्या हाताने मॉडिफाय केलेल्या एफआर-एसही मी बघितल्यात. अशा मालकांकडे प्रत्येक बोल्टाची पावती असते आणि ते विचारायच्या आधीच दाखवतात.

टेस्ट ड्राइव्हला जाताना मालकाला आधीच सांगा, गाडी थंड ठेवा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. इंजिन सुरू असताना रातकिड्यासारखी किरकिर ऐकू येऊ शकते. तो हाय प्रेशर फ्युएल पंपाचा आवाज आहे, दोन्ही गाड्यांत येतो, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते इंजिन तापल्यावर खोलातून येणाऱ्या, ॲक्सिलरेटरबरोबर वाढणाऱ्या ठोक्याला. तो ऐकू आला तर चावी परत देऊन घरी या, किंमत अर्धी केली तरी.

क्लच दाबताना-सोडताना चूं-चूं होत असेल तर रिलीज बेअरिंग गेलंय. बेअरिंग स्वस्त असतं, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. थंडीत दुसरा गिअर अडखळत पडतो, ते या गाडीचं नेहमीचं आहे. गरम झाल्यावरही तिसऱ्या-चौथ्या गिअरला खरखर आली तर मात्र गाडी कोणीतरी ट्रॅकवर पिळलेली आहे. साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या मध्ये गाडी जरा मंदावल्यासारखी वाटेल. तो बिघाड नाही, या इंजिनाचा टॉर्क तिथे खरोखरच खाली जातो आणि वर जाऊन परत येतो. सात हजारापर्यंत न्या, मग कळेल लोक या गाडीवर जीव का टाकतात.

तुमच्या हातात काही लागलं नाही तरी एखाद्या स्वतंत्र सुबारू मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्याच. एफआर-एस असली तरी सुबारूवालाच गाठा, कारण इंजिन त्याच्या ओळखीचं आहे. टाइमिंग कव्हरच्या कडेवर टॉर्च मारायला सांगा. राखाडी सीलंट बारीक, सारख्या रेघेत दिसलं तर छान. गोळे गोळे बाहेर आलेले दिसले तर आतही तेच आहे असं समजा. मालकाची हरकत नसेल आणि खर्च तुम्ही उचलत असाल, तर ऑइल पॅन उतरवून ती जाळी प्रत्यक्ष बघता येते. दिराची बीआरझेड घेताना आम्ही तसंच केलं. जाळी स्वच्छ निघाली आणि सौदा तिथेच पक्का झाला.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, 'सुबारू असल्यामुळे बर्फात बरी पडेल'. तसं नाही. सुबारूच्या बाकी बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ताकद जाते, बीआरझेडमध्ये फक्त मागच्या. बर्फात दोघी सारख्याच घसरतात. आपल्यापैकी जे स्विफ्ट किंवा आय१० वर गाडी शिकले, त्यांना मागची चाकं ढकलतात म्हणजे काय होतं याचा अनुभवच नसतो. फियाट आणि ॲम्बॅसडर मागच्या चाकांवर चालायच्या, पण त्यांना बर्फ कधी लागला नाही. चार विंटर टायर पहिल्याच वर्षी बजेटमध्ये धरा. चारच, मागचे दोन घालून भागत नाही. आणि पहिला बर्फ पडला की एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी मुद्दाम घसरवून सांभाळायचा सराव करा.

रोजच्या वापराचं विचारलंत. मॅन्युअलला कंपनीचा आकडा शहरात २२ आणि हायवेवर ३० मैल प्रति गॅलन आहे, आणि पेट्रोल प्रीमियमच लागतं. मागच्या दोन सीट नावाला आहेत. आई-बाबा भारतातून आले आणि तुम्ही नेवार्क एअरपोर्टवर ही गाडी घेऊन गेलात, तर मोठ्या बॅगा डिकीत मावणार नाहीत. मागची सीट पाडावी लागेल, आणि मग एकाला घरी परत कॅबने यावं लागेल. गाडी एकच ठेवणार असाल तर याचा आत्ताच विचार करा.

शेवटचं काम या आठवड्यातच उरका. दोन्ही व्हीआयएन देऊन इन्शुरन्सचे कोट मागवा. गाड्या सारख्या असल्या तरी हप्ता सारखा येईलच असं नाही, आणि तरुण ड्रायव्हरला दोन दारांच्या गाडीचा आकडा जड जातो. तो झेपत असेल आणि बीआरझेडच्या रिकॉलची तारीख जुनी निघाली, तर शनिवारी सकाळी मेकॅनिकची वेळ घ्या. तारीख आणि तेव्हाचं रनिंग इथे कमेंटमध्ये टाका, मी बघून सांगते.