नांदेडला शिकवतो, एमए इंग्रजी झालंय. नोकरी न सोडता भाषा-अध्यापनात पुढे काय शिकता येईल?

हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी अध्यापनाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र, हा दूरस्थ अभ्यासक्रम करा; तो झाला की पुढे पीजीडीटीई, म्हणजे त्याच विषयातला पदविका अभ्यासक्रम, आहेच. इफ्लू १९५८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झाली, पुढे तिचं नाव सीआयईएफएल होतं, आणि हे कोर्स शिकवणाऱ्या माणसांसाठीच बेतलेले आहेत. ध्वनिविचार (उच्चारांचा अभ्यास), व्याकरण, अध्यापनपद्धती असे विषय असतात. माझ्या मते ध्वनिविचारावर जास्त जोर द्या. आपल्याकडची मुलं ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ का म्हणतात, हे एकदा कळलं की रागवायची गरज उरत नाही. संपर्कवर्गांसाठी जावं लागलंच तर नांदेडहून पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ. मात्र हा कोर्स बीएडची जागा घेत नाही. शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजला कायम व्हायचं असेल तर बीएड वेगळं करावंच लागेल.