हिरव्या माश्या आणि लेकीचं करिअर

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. आम्ही रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ राहतो. सुक्या मासळीवर बसणाऱ्या हिरव्या-निळ्या माश्यांचे फोटो ती मोबाइलला लेन्स लावून काढते आणि अ‍ॅपवरून नावं लिहून ठेवते. गुन्हे तपासणारी कीटकतज्ज्ञ व्हायचं म्हणते. ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरावेत का? माश्यांवर पोट भरतं का? सोबत तिचे फोटो पाठवत आहे. – एक आई

उत्तर : ताई, कोर्सचे पैसे भरू नका. फोटो मात्र मी निवांत पाहिले.

लाल डोळ्यांची जाडजूड माशी तिने 'क्रायसोमिया मेगासेफाला' म्हणून नोंदवलीय, ते पटतं. माशी बाजूने टिपल्यामुळे छातीवरचं पुढचं श्वासरंध्र गडद असल्याचं दिसतं. 'क्रायसोमिया रुफिफेसिस' या तिच्या जवळच्या जातीत ते पांढुरकं असतं. एका फोटोत तर नराच्या डोळ्यातले वरचे मोठे आणि खालचे बारीक भिंगासारखे कण, मधली रेघसुद्धा स्वच्छ आलीय. पोरीचा हात चांगला आहे.

'ल्युसिलिया सेरिकाटा' लिहिलेले फोटो मात्र सगळे वरून काढलेले. सेरिकाटा आणि क्युप्रिना या दोन जाती वेगळ्या ओळखायच्या तर डोक्यामागचे केस मोजावे लागतात, पुढच्या पायाची मांडी हिरवी चमकते की काळपट दिसते ते बघावं लागतं. त्यात 'हेमिपायरेलिया' नावाची तशीच हिरवी माशी आपल्याकडे आहेच. अ‍ॅप काय, नाव देऊन मोकळं होतं! तिने तिथे 'ल्युसिलिया किंवा हेमिपायरेलिया, जात नक्की नाही' असं लिहिलं असतं तर मी जास्त खूश झाले असते. मृतदेहावरच्या अळ्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढताना हाच फरक नडतो, कारण प्रत्येक जातीची अळी वेगवेगळ्या वेगाने वाढते. म्हणून तपासात नुसत्या फोटोवर भागत नाही. काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवतात, काही जिवंत वाढवून माशी बाहेर पडू देतात, गरज पडली तर डीएनए तपासतात.

आता पोटाचं. फक्त माश्यांसाठी नोकरी आपल्याकडे जवळपास नाहीच. न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या जीवशास्त्र विभागात मुख्य काम रक्ताचं आणि डीएनएचं. त्यामुळे बारावीनंतर लगेच फॉरेन्सिकची पदवी घेण्यापेक्षा बीएस्सी प्राणिशास्त्र करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे वाटा फुटतात. फॉरेन्सिकचीच ओढ राहिली तर एमएस्सीला मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. पुदुच्चेरीला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे रोग पसरवणाऱ्या कीटकांवरच्या संशोधन केंद्रात, सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एमएस्सी होते. डास-माश्यांचा अभ्यास आणि नोकरी यांची सांगड मला तिथे जास्त दिसते. वर्गीकरणातच रमली तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, जागा मात्र थोड्या. शेतीतल्या किडींकडे वळायचं असेल तर निर्णय आत्ताच घ्या, कारण त्यासाठी बीएस्सी अ‍ॅग्रीची सीईटी द्यावी लागते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. कीटकांचा संग्रह आहे का आणि स्टिरिओ मायक्रोस्कोप मुलांच्या हाती देतात की कपाटात ठेवतात, एवढं विचारा. दरम्यान तिला सांगा, प्रत्येक माशीचे वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो काढ, तारीख-जागा लिही. अळ्यांची बाटली घरी आणायची म्हणाली तर गॅलरीत ठेवू द्या, ओट्यावर नको.