चर खचलाय ना? मग आधी कशावरही सही करू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ड्रेनेजसाठी गल्ली उभी कापली, चर खोदलेल्या मातीनंच बुजवला, वर डांबराचा पापुद्रा ओढला, पहिल्या मोठ्या पावसात चर बसला, आई त्यात पडून मनगट मोडलं आणि कार्यालयात गेलात तर "मक्तेदाराला कळवलंय" एवढंच उत्तर. मनगट सोडलं तर हे सगळं माझ्या दारात झालंय.

तक्रार कुठं नोंदवायची, फोटो कसे जोडायचे हे तुम्हाला माहीत दिसतंय, ते परत सांगत नाही. मी माझी चूक सांगतो, कारण पोस्टच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की उद्या-परवा मक्तेदाराची माणसं येणार आहेत. तिथंच माझा घात झाला होता.

आधीच सांगतो, मी वकील नाही, इंजिनिअर तर नाहीच. टॉवेलच्या कारखान्यात 31 वर्षं हिशेब लिहिला. बिनवाचता एका व्हाउचरवर कधी सही केली नाही. ती केली ती रस्त्याच्या कागदावर.

गोष्ट 2022 ची. मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले होते, त्यामुळे "नगरसेवकाला फोन लावू" हा आपला नेहमीचा पहिला उपाय बंद. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात जायला लागलो. कुठलं ते विचारू नका. आपल्याकडे रस्ता खोदणारे आणि बुजवणारे एकच थोडेच आहेत? पाणीपुरवठा, ड्रेनेज, केबलवाले, बांधकाम खातं, हायवेवाले, सगळे येऊन जातात.

जुलैत एक दिवस मुकादम आला. ट्रॅक्टरभर मुरूम, तीन माणसं. दुपारपर्यंत चर भरला, धुम्मसनं ठोकला, वर थोडी खडी पसरली. बिचाऱ्यांनी उन्हात काम केलं म्हणून आमच्या हिनं चहा दिला. जाताना मुकादम म्हणाला, "काका, एवढी सही द्या, वर दाखवावी लागते." मी चष्मा आत ठेवून आलो होतो. सही केली, वर मोबाईल नंबरही लिहून दिला.

आठवड्यात पाऊस आला, मुरूम गटारात गेला आणि चर पुन्हा जसाच्या तसा.

पुढं चौदा महिने खेटे. एकदा साहेब साइटवर, एकदा फाईल लेखा विभागात, एकदा "मक्तेदार बदललाय, नव्याला माहिती नाही". खिडकीवरचा माणूस कधी उद्धट बोलला नाही, उलट बसा म्हणायचा, पाणी द्यायचा. उद्धट बोलला असता तर मी भांडून लेखी तरी काही घेतलं असतं! दर वेळी तो काँप्युटरवर बघून सांगायचा, "काका, तुमची तक्रार निकाली दिसतेय." मला वाटायचं यंत्रात काहीतरी गडबड आहे.

शेवटी माहिती अधिकारात फाईल बघायला मागितली. पान उलटलं आणि समोर माझीच सही. वर टाइप केलेलं: चर दुरुस्त झाला असून रहिवाशांचे पूर्ण समाधान झाले आहे, यापुढे तक्रार नाही. रहिवाशांचे! अनेकवचन, आणि खाली मी एकटा. त्याच फाईलमध्ये कळलं की कामाचा दोषदायित्व कालावधी सात आठवड्यांपूर्वी संपला होता आणि मक्तेदाराची सुरक्षा ठेव परत गेली होती. त्या मुदतीत काम बिघडलं तर मक्तेदारानं स्वतःच्या खर्चानं करून द्यायचं असतं. ती मुदत गेली की तुमचा चर म्हणजे नवं काम, नवं अंदाजपत्रक, नवा निधी, आणि "पुढच्या वर्षी बघू".

म्हणून ताई, माणसं आली की काम करू द्या, चहा जरूर द्या, सही देऊ नका. फारच मागे लागले तर स्वतःच्या हातानं लिहा: "आज अमुक तारखेला फक्त मुरूम टाकला, डांबरीकरण झालेले नाही, तक्रार कायम." आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

दुसरं, नुसता खड्डा खड्डा करू नका. खड्ड्याला मालक नसतो, कामाला असतो. काम कधी पूर्ण झालं, दोषदायित्व कधीपर्यंत आहे आणि ठेव अजून जमा आहे का, या तीन गोष्टी आधी काढा. माहिती अधिकाराच्या अर्जात कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) प्रती आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत लागतो, त्यामुळे आईंच्या हाताची हकिकत त्यात लिहू नका. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे नक्की माहीत नसलं तरी अडत नाही. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. आणि अर्ज असो की तक्रार, बारनिशीत, म्हणजे आवक कागद नोंदवतात त्या टेबलावर, देऊन पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. माझ्या चौदा महिन्यांच्या खेट्यांपैकी पोच फक्त दोनांची आहे, बाकी नुसतं पेट्रोल.

"मक्ता दिलाय, आम्ही काय करणार" हे कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. रस्ता महापालिकेचा असेल तर सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे 1949 च्या महानगरपालिका अधिनियमातल्या कलम 63 नुसार तिचं बंधनकारक कर्तव्य आहे. काम बाहेरच्याला देता येतं, कर्तव्य देता येत नाही. रस्ता दुसऱ्या खात्याचा असला तर कलम वेगळं लागेल, ते जाणत्याला विचारा.

आता एक खास आपल्या गावचं. तुमच्या भागात पाणी कितव्या दिवशी येतं? ज्या दिवशी येतं त्या दिवशी चर बघा. पाऊस नसताना फक्त त्याच दिवशी ओल दिसत असेल तर खाली पाइपला गळती आहे, आणि मग रस्तावाल्यांनी कितीही डांबर ओतलं तरी ते टिकणार नाही, आधी पाणीपुरवठावाले लागतील. ओल नसेल तर भरावच कच्चा आहे. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते, तीच परत चरात ढकलली की चर बसणारच. थर थर भरून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबायला हवा. वरचा पॅचही कडा चौकोनी कापून, झाडून, टॅक कोट (चिकटण्यासाठी पातळ डांबराचा हात) मारून करायचा असतो. ओल्या खड्ड्यात माल ओतून फावड्यानं थोपटणं म्हणजे काम नव्हे, हजेरी. हे मला एका निवृत्त ओव्हरसियरनं सांगितलं, चूक असेल तर इथले इंजिनिअर दुरुस्त करतील.

वर्गणी काढून स्वतः काँक्रीट टाकावं का असं विचारलंत. मी नको म्हणेन. उद्या चेंबर फुटलं तर "रहिवाशांनी छेडछाड केली" हे ऐकावं लागेल. तोवर चराच्या दोन्ही टोकांना दगड ठेवून चुना मारा, रात्री दुचाकीवाल्यांना दिसतो.

आईंच्या बाबतीत: ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे जखमी झालेल्यांना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिलाय. आईंना ती लागू होईल की नाही हे मी छातीठोक सांगणार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे सरकारी कायदेशीर मदत मिळते तिथं, जाऊन विचारा. जाताना एक्स-रे, दवाखान्याची बिलं, पडल्या दिवसाचा चराचा फोटो आणि दोन शेजाऱ्यांची नावं सोबत ठेवा. शेजारी आत्ताच विचारून ठेवा, सहा महिन्यांनी कुणाला काही आठवत नाही.

पाण्याच्या दिवशी चर ओला होता की कोरडा, ते इथं लिहा. त्यावर अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते ठरेल, मसुदा मी बघून देईन.